चढाला लागलं की हवा फिरायची

फिनिक्सहून उत्तरेला फ्लॅगस्टाफकडे जाणारा इंटरस्टेट १७ पहिला तासभर बऱ्यापैकी सपाट आहे. ब्लॅक कॅनियन सिटी मागे पडली की तो वर उचलतो. ॲरिझोनाचं वाळवंट संपून पाइनचं जंगल लागेपर्यंत गाडी साधारण साडेतीनशे मीटरवरून एकवीसशे मीटरवर पोचलेली असते. उन्हाळ्यात या चढाच्या तोंडाशी पाट्या दिसतात: इंजिन तापू द्यायचं नसेल तर एसी बंद करा. बाहेर पारा चाळीसच्या वर असतो, त्यामुळे बरेचजण ती पाटी वाचून पुढे जातात.

माझ्या चुलतबहिणीची जुनी मोटरहोम याच चढावर चमत्कारिक वागायची. सपाटीवर डॅशबोर्डच्या जाळ्यांतून थंड हवा तोंडावर येई. चढ लागून दोन-चार मिनिटं झाली की ती हवा तिथून नाहीशी होई आणि समोरच्या काचेखालच्या फटीतून वर जाऊ लागे. काच गार, माणसं घामाघूम. चढ संपला, भावजींनी ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला, की थोड्या वेळात हवा पुन्हा तोंडावर. कुणी बटणाला हात लावलेला नसे.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. मागच्या खोलीसाठी छपरावर वेगळा एसी असतो. तो जनरेटरवर चालतो. पुढच्या दोघांसाठी डॅशबोर्डमधला एसी इंजिनावर चालतो. या गाडीत बिघडला होता तो पुढचा. भावजींनी तिथल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी गॅस काढला, मोजून नवा भरला आणि बिल हातात ठेवलं. पुढच्या चढावर हवा पुन्हा काचेवर. मग भावजींनी पाट्यांवरून एक तर्क बांधला: इंजिन तापू नये म्हणून गाडीच स्वतःहून एसी मागे घेत असणार. तर्क ऐकायला बरा होता, आणि तो खरा मानला असता तर शोध तिथेच थांबला असता.

ताईनं हे सगळं सहज गप्पांमध्ये सोलापुरात अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे काका. आयुष्यभर रेल्वेच्या कॅरेज ॲन्ड वॅगन खात्यात, निवृत्त होताना टीएक्सआर. गाडी फलाटावर लागली की हातोडी आणि टॉर्च घेऊन डब्यांच्या बाजूनं चालत जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तो टीएक्सआर. अण्णांनी स्वतःची चारचाकी कधी घेतली नाही. गाडीच्या एसीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि तसं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलंही. दुसऱ्या वाक्यात त्यांनी विचारलं, "बाळ, काचेवर जी हवा येते ती थंड असते का गरम?"

"थंडच असते अण्णा. काचेला हात लावला तर बर्फ."

"मग गॅसला कशाला हात लावला? थंडाई तयार व्हायलीय. ती भलतीकडं चाललीय. म्हणजे दार फिरतंय. दार कशावर चालतंय ते विचार जावईबापूंना."

भावजींनी दुसऱ्या दिवशी गाडीचं जुनं माहितीपुस्तक उघडलं. डॅशबोर्डच्या आत हवेची वाट बदलणाऱ्या झडपा तारेवर किंवा विजेच्या मोटारीवर चालत नव्हत्या. त्या चालत होत्या व्हॅक्यूमवर.

हे कळलं तेव्हा मी अण्णांच्या शेजारी फोन धरून बसलो होतो. सोलापुरात सकाळचे सात, फिनिक्समध्ये आदल्या संध्याकाळचे साडेसहा. एवढा वेळ पाठ टेकून बसलेले अण्णा पुढे सरकले आणि म्हणाले, "व्हॅक्यूम? हे आधी का नाही सांगितलं?"

सोलापुरात आगगाडी आली १८६० साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. पुढच्या पिढ्यांमध्ये या गावात गिरण्यांच्या भोंग्यांइतकंच रेल्वेचं वेळापत्रक मुरलं. रेल्वे लाईन्स भागात वाढलेल्या मुलांना व्हॅक्यूम हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकाआधी घरात ऐकू येई. "व्हॅक्यूम पडला", "व्हॅक्यूम येईना", "गाडी बाइंडिंगमध्ये आहे" असल्या बातम्या जेवताना सांगितल्या जात. गेल्या शतकाच्या अखेरीस एअर ब्रेक सर्वत्र येऊ लागेपर्यंत आपल्या गाड्या थांबत होत्या त्या व्हॅक्यूम ब्रेकवर. इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत एक सलग नळी. इंजिन तिच्यातली हवा उपसून काढी. इंजिनावरच्या काट्यावर ५३ सेंटीमीटर दिसले पाहिजेत, शेवटी गार्डाकडे त्याहून थोडे कमी. नळीत पोकळी आहे तोवर ब्रेक सुटलेले. कुठूनही हवा आत शिरली की ब्रेक लागले. साखळी ओढली की डब्याच्या टोकाची झडप उघडून नेमकी हीच गोष्ट होई, आणि कुठल्या डब्यात साखळी ओढली ते बाहेरच्या लाल खुणेवरून कळे.

हवा शिरली की ब्रेक लागावा, सुटू नये, हा क्रम सुरुवातीपासून असा नव्हता. पहिल्या साध्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये तो उलटा होता. ब्रेक लावायचा तर पोकळी निर्माण करायची. म्हणजे नळी तुटली तर ब्रेकच नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माघजवळ रविवारच्या शाळेच्या मुलांना समुद्रावर नेणारी एक सहलगाडी चढावर अडली. पुढचा भाग आधी वर नेऊ म्हणून मागचे दहा डबे सोडले गेले. नळी सुटल्याबरोबर त्या डब्यांचा व्हॅक्यूम ब्रेक निकामी झाला. उरला एक हातब्रेक आणि चाकांखाली टाकलेले दगड. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे सलग ब्रेक सक्तीचे केले. अण्णांना ही हकीकत ट्रेनिंगमध्ये शिकवली होती आणि ते ती अजूनही सावकाश, खालच्या आवाजात सांगतात.

ती त्यांनी भावजींनाही सांगितली. भावजींना आधी कळेना की डॅशबोर्डच्या हवेचा आर्माघशी काय संबंध. अण्णा म्हणाले, "जावईबापू, व्हॅक्यूम गेल्यावर वस्तू कुठं जाऊन बसणार, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. तुमची हवा पायाशी जात नाही, तोंडावर थांबत नाही, बरोबर काचेवरच का जाते? कारण बिघाड झाला तरी चालकाला समोरचं दिसलं पाहिजे. काचेवर धुकं, बर्फ धरला तर माणूस मरेल. तोंडावर वारा नाही आला तर फक्त घाम येईल. स्प्रिंग त्या झडपेला काचेकडं ढकलून धरते, व्हॅक्यूम तिला तिथून ओढून तोंडाकडं आणतो. म्हणजे तुमची गाडी एसी वाचवत नाही. तिचा व्हॅक्यूम पडतोय."

माझ्या दृष्टीनं या शोधातला अर्धा भाग इथंच पुरा झाला. बिघाड झाल्यावर यंत्र जिथं जाऊन बसतं त्या जागेत ते बनवणाऱ्याचा विचार उमटलेला असतो, आणि तो वाचता आला तर खूप पसारा उघडावा लागत नाही.

आता प्रश्न चढाचा. पेट्रोल इंजिन स्वतःच एक हवा ओढणारा पंप आहे. पाय सैल असताना हवेची वाट जवळपास बंद असते आणि इंजिन त्या बंद दारामागून हवा ओढत राहतं. तिथं सतरा ते एकवीस इंच पाऱ्याएवढी पोकळी तयार होते. अण्णा मनातल्या मनात इंचांचे सेंटीमीटर करत होते: "वीस म्हणजे एक्कावन्न. आपल्या इंजिनाएवढाच की." चढावर पाय दाबला की दार सताड उघडतं आणि पोकळी जवळजवळ शून्यावर येते. ही अडचण बनवणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून मध्ये एक छोटी टाकी आणि एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा वन-वे व्हॉल्व्ह बसवतात. इंजिनाकडची पोकळी पडली की व्हॉल्व्ह मिटतो आणि टाकीतल्या शिल्लक पोकळीवर झडपा जागेवर टिकतात. दहा मिनिटांचा चढ असो की वीस, गळती नसेल तर ती शिल्लक पुरायला हवी. या गाडीत ती दोन-चार मिनिटांत संपत होती.

पहिला संशय अर्थातच त्या व्हॉल्व्हवर. भावजींनी तो काढला, तोंडात धरून एका बाजूनं ओढला, दुसऱ्या बाजूनं ओढला. एका दिशेनं हवा आली, दुसऱ्या दिशेनं जीभ चिकटून बसली. व्हॉल्व्ह निर्दोष. मग त्यांनी दुकानातून हातानं चालवायचा, काटा असलेला एक छोटा व्हॅक्यूम पंप आणला. तो टाकीला लावून वीस इंचांपर्यंत ओढलं, आणि सुई तिथंच उभी राहिली. टाकीही निर्दोष. राहिली डॅशबोर्डकडे जाणारी नळी आणि तिच्यापुढचा सगळा पसारा: निवड करणारं गोल बटण, त्याच्या मागची रंगीत नळ्यांची जुडी, आणि प्रत्येक झडपेपाशी एकेक रबरी पडद्याची डबी.

भावजी म्हणाले, "साबणाचा फेस लावून बघतो. टायर पंक्चरवाले करतात तसं."

अण्णांनी मान हलवली. पंक्चरमधून हवा बाहेर येते म्हणून फुगा धरतो. इथं हवा आत जाते. फेस शोषला जाईल, फुगा एकही दिसणार नाही, आणि वर नळीत पाणी जाईल. कुणी पेटणाऱ्या द्रवाची फवारणी करून इंजिनाचा आवाज बदलतो का ते बघतात. तापल्या इंजिनावर तसलं काही करायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मग त्यांनी आपली जुनी पद्धत सांगितली. लांब रेकमध्ये व्हॅक्यूम येत नसेल तर सगळे डबे चाचपत बसायचे नाहीत. मधली होज पाईप सोडायची, तिचं तोंड डमीवर बसवून बंद करायचं आणि काटा बघायचा. आला तर पुढचा अर्धा भाग बरा, दोष मागं. नाही आला तर दोष पुढं. मग दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग.

"तुमच्याकडं तर त्याहून सोपं आहे," अण्णा म्हणाले. "ते गोल बटण म्हणजे तुमचे डबे तोडायचं साधन. प्रत्येक खुणेवर ते वेगवेगळ्या डब्या जोडतं. पंप तिथं लावा आणि एकेका खुणेवर सुई वाचा. मी लिहून घेतो."

लिहून मी घेतलं. शनिवारची सकाळ तिकडे, इकडे संध्याकाळ, बाहेर अजून झळा. भावजी पुस्तकातली आकृती मांडीवर घेऊन गाडीच्या पुढच्या पायरीवर बसले होते. ताईनं फोन काट्यासमोर धरला होता.

बटण काचेच्या खुणेवर. वीस इंच. सुई हलली नाही. या खुणेवर सगळ्या डब्या सुटलेल्या असतात, म्हणजे मुख्य नळी आणि बटणाचं तोंड ठीक.

बटण पायाच्या खुणेवर. सुई झटकन चार इंच खाली आली आणि थांबली. ताई म्हणाली, "सापडलं!" अण्णा म्हणाले, "नाही. डबी भरली, एवढंच. रिकाम्या डबीतली हवा पंपात आली. पुन्हा वीस करा." पुन्हा वीस केले. सुई उभी.

बटण साध्या एसीच्या खुणेवर, हवा तोंडाकडे. सुई खाली आली, पुन्हा ओढली, उभी राहिली. खूप वेळ उभी राहिली. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि पुढे जायला सांगितलं.

बटण मॅक्सवर. सुई खाली आली. पुन्हा ओढली. ती वीसवर क्षणभर थांबली आणि मग खाली सरकू लागली. अठरा. पंधरा. अकरा. घाई न करता, कुठंही न थांबता. आठावर आली तेव्हा गाडीच्या आत कुठंतरी खट् आवाज झाला. झडप सुटून काचेकडे गेल्याचा तो आवाज होता.

मॅक्समध्ये एकच जास्तीची डबी जोडली जाते. बाहेरची तापलेली हवा घेणं बंद करून आतलीच हवा फिरवत ठेवणारी झडप तिच्यावर चालते. फिनिक्समध्ये उन्हाळाभर बटण मॅक्सवरून हलत नाही. म्हणूनच हा दोष त्यांना प्रत्येक चढावर भेटत होता. साध्या एसीच्या खुणेवर ते चढले असते तर हवा कदाचित तोंडावरच राहिली असती. गळकी एक डबी, पण सगळ्यांची टाकी एक, त्यामुळे तिनं सगळ्यांनाच रिकामं केलं.

एवढ्या पुराव्यावर आम्हाला वाटलं की काम झालं. भावजींनी ग्लव्ह बॉक्स काढला, मागे हात घातला, डबी सुटी करून बाहेर आणली. ती एकाच स्क्रूवर लोंबत होती, हे त्यांनी जाता जाता सांगितलं आणि त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. डबीला पंप लावला. आतला दांडा सप्पकन आत ओढला गेला, सुई वीसवर उभी. पडदा फाटलेला नव्हता. डबीकडे येणाऱ्या नळीचं तोंड बंद करून, बटण मॅक्सवर ठेवून पुन्हा ओढलं. सुई उभी. म्हणजे नळी ठीक आणि बटणही ठीक. सगळं परत जोडलं. सुई खाली.

तिघेही निर्दोष, आणि गुन्हा तर घडत होता.

काम तिथंच थांबलं. भावजींना नवं बटण मागवायचं होतं. अण्णा म्हणाले, मागवू नका, ते सुटलंय. पण मग कोण, हे त्यांनाही सांगता येईना. जेवताना ते गप्प होते. काकूनं भाकरी वाढली, शेंगाचटणीवर तेल घातलं, त्यांनी काही मागितलं नाही. मी घरी जायला उठलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि एक जुनी गोष्ट सांगायला लागले. एक प्रवासी रेक होता. सोलापूरच्या फलाटावर उभा असताना काटा एकदम बरोबर. ड्रायव्हर निघाला, गाडी ओढायला लागला, की व्हॅक्यूम पडे आणि गाडी जड होई. थांबवून तपासली की पुन्हा बरोबर. एकेक होज पाईप हातानं चाचपली, कान लावला, काही नाही. शेवटी कुणीतरी वडीलधारा म्हणाला, उभी गाडी किती वेळ तपासणार? डब्यांमधल्या कपलिंगवर ताण येतो तेव्हा दोन डबे बोट-दोन बोटं लांब जातात, आणि होज पाईप तेवढीच ओढली जाते. मग इंजिनाला हलकं पुढं घ्यायला सांगून, गाडी ताणून धरून बघितलं. एका पाईपच्या मानेत, क्लॅम्पच्या अगदी कडेला चीर होती. सैल असताना मिटलेली, ताणली की उघडी.

सांगता सांगता अण्णा थांबले. "तो एक स्क्रू," ते म्हणाले. "दुसरा कुठाय?"

फिनिक्समध्ये तेव्हा अजून सकाळच होती. अण्णांना वाट बघवेना. त्यांनी लगेच फोन लावायला लावला. भावजींनी डबी पुन्हा जागेवर बसवली आणि टॉर्च मारला. दोन स्क्रूंची जागा होती. एक होता, दुसऱ्याचं भोक रिकामं. ब्लोअर बदलताना कुणीतरी तो काढला असावा आणि परत लावायचा राहिला असावा.

"आता पंप मारा आणि सुईकडं बघू नका. डबीकडं बघा."

भावजींनी पंप मारला. दांडा आत ओढला गेला, झडप फिरली, आणि शेवटी जिथं झडप टेकते तिथं टेकल्यावर दांडा थांबला आणि डबी स्वतःच पुढे कलली. पाच सेंटीमीटर व्यासाच्या पडद्यावर एवढ्या पोकळीत बाहेरची हवा तेरा किलोच्या आसपास जोर लावते. व्हॅक्यूम ओढतो असं आपण म्हणतो, पण ढकलणारी असते बाहेरची हवा, आणि ती दमत नाही. एका स्क्रूवरची डबी त्या जोराला कशी पुरेल? ती कलली की तिच्या टोकाला घातलेला रबराचा छोटा कोपरा, जिथं नळी काटकोनात वळून डबीत शिरते, तो वाकडा ताणला जाई.

"डबी बोटानं दाबून धरा. हलू देऊ नका. ताई, सुई काय म्हणते?"

"वीस."

"आता बोट काढा."

"एकोणीस... सतरा... पडतेय अण्णा."

"परत दाबा."

"थांबली!"

ताईचा आवाज चढला होता. अण्णांनी डोळे मिटले आणि भावजींना पुन्हा एकदा तेच करायला सांगितलं. बोट ठेवलं की सुई थांबे, काढलं की पडे. त्यांनी ते तीन-चार वेळा करवून घेतलं. मला वाटलं आता खात्री झाली, पुरे. पण आयुष्यभर ज्याच्या सहीवर गाडी सुटली, तो माणूस एका वेळेच्या उत्तरावर सही करत नाही.

कोपरा काढून भावजींनी फोनसमोर धरला. सरळ धरला तेव्हा धड होता, काळा, जरासा चकाकणारा. बाहेरच्या बाजूनं तो वाकवला आणि बाकाच्या माथ्यावर, उन्हाळ्यात टाचेला पडते तशी एक भेग उघडली. सोडला, मिटली. वाळवंटातल्या उन्हानं रबर कडक झालं होतं. सोलापूरच्या मे महिन्यात रुळांवर उभ्या राहिलेल्या डब्यांच्या पाइपांनाही हेच होतं, अण्णा म्हणाले. रबर मरतं ते बाकापासून. डबी मांडीवर घेऊन तपासताना भावजींनी पंपाची नळी थेट डबीच्या नाकाडावर लावली होती, कोपरा बाजूला राहिला होता. नळी तपासताना तो होता, पण सैल होता. दोन्ही वेळेला तो सुटला, कारण दोन्ही वेळेला त्याच्यावर भार नव्हता.

दुरुस्तीला फार काही लागलं नाही. सुट्या भागांच्या दुकानातून रबरी व्हॅक्यूम नळीचे तुकडे आणि कोपरे आणले, रिकाम्या भोकात स्क्रू बसवला. मॅक्सवर वीस इंच ओढून, पंप तसाच ठेवून ते दोघं चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा सुई जागची हलली नव्हती.

अण्णांचं तेवढ्यानं भागेना. उभी गाडी तपासून झाली होती. आता त्यांना चढ हवा होता. त्यांनी भावजींना टाकीच्या नळीत टी जोडून काटा आत डॅशबोर्डवर आणायला सांगितलं, म्हणजे चालू गाडीत ताईला तो वाचता येईल. वर जाऊ तसा आकडाही उतरेल, तो दोष समजू नका, असंही आधीच सांगून ठेवलं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे ७६ सेंटीमीटर तोलतो. फ्लॅगस्टाफच्या उंचीवर तो जेमतेम साठाच्या आसपास. बाहेरची हवाच विरळ, मग पोकळीची कमाल मर्यादाही खाली येणार.

हे ऐकताना मला १६४८ सालचा एक माणूस आठवला. ब्लेझ पास्कलला बघायचं होतं की डोंगरावर पाऱ्याचा स्तंभ खरंच उतरतो का. तो स्वतः पॅरिसला होता. त्यानं पत्र लिहून हे काम सोपवलं आपल्या बहिणीच्या नवऱ्यावर, फ्लोरँ पेरिएवर. पेरिए १९ सप्टेंबरला पाऱ्याच्या नळ्या घेऊन पुय द दोम नावाच्या डोंगरावर चढला. एक नळी पायथ्याशी मठात ठेवून दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला त्यानं माणूस बसवला. माथ्यावर पारा आठ सेंटीमीटरहून जास्त उतरला होता आणि पायथ्याचा जागच्या जागी होता. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, हे त्या दिवशी एका मेव्हण्याच्या पायपिटीनं जगाला कळलं. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांना पेरिएचा पराक्रम आवडला, पण त्याहून जास्त आवडला तो पायथ्याशी बसवलेला माणूस. "दुसरा काटा पाहिजेच," ते म्हणाले. "इंजिनावर एक, गार्डाकडं एक. एकट्या काट्यावर कुणी विश्वास ठेवू नये."

पुढच्या सुट्टीला ते चढावर गेले. बटण मॅक्सवर. ताई आकडे वाचत होती, मी सोलापुरात लिहून घेत होतो. मध्ये मध्ये फोन तुटे, पुन्हा लागे. चढाच्या सुरुवातीला एकोणीस. भावजींनी पाय दाबला, इंजिन गुरगुरलं. एकोणीस. पूर्वी हवा फिरायची ती वेळ आली आणि गेली. ताई म्हणाली, "तोंडावरच आहे, अण्णा." सनसेट पॉइंटच्या थांब्याशी भावजींनी गाडी बाजूला घेतली, तेव्हाही हवा तोंडावरच होती. फ्लॅगस्टाफला पोचल्यावर उभ्या इंजिनावरचा आकडा पंधराच्या जवळ आला, उंचीच्या मानानं अगदी योग्य.

अण्णांनी अभिनंदन केलं नाही. उतरताना बघा, म्हणाले. उतारावर पाय सुटलेला असतो, इंजिन गाडीला मागे खेचत असतं आणि पोकळी सगळ्यात जास्त असते. मरायला टेकलेली दुसरी एखादी नळी असेल तर ती तिथं दगा देईल. भावजी उतरले. सुई बावीसच्या पुढे गेली आणि तिथं टिकली.

तरीही अण्णांनी उरलेले कोपरे बदलायला लावले. एकाच वयाचे, एकाच उन्हात वाळलेले, मग एकाला भेग आणि बाकीचे तरुण असं होत नाही. भावजींनी पायाकडच्या डबीचा कोपरा काढून वाकवला, त्यालाही बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. ते सगळे बदलून झाले. मग डब्याच्या टोकाला ओव्हरहॉलची तारीख रंगवतात तशी एक नोंद ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवायला अण्णांनी सांगितलं. तारीख, कुठल्या रंगाची नळी कुठल्या झडपेला जाते, कुठले कोपरे नवे, आणि डबीला स्क्रू दोन आहेत, एक नाही. ताईनं ती नोंद मराठीत लिहिली. खाली इंग्रजीतही लिही, अण्णा म्हणाले, उद्या गाडी विकली तर पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.